साथ नवी, आजार जुना

पत्र : माझे वय ५७ आहे. गेली १४ वर्षे मला मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. माझे यजमान ६४ वर्षांचे असून त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुना विकार) आहे. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा मुलाच्या आग्रहाखातर आम्ही जवळजवळ दीड वर्ष उंबरठा ओलांडला नाही. जुन्याच चिठ्ठीवर औषधे येत राहिली, तपासण्या मात्र सगळ्या राहून गेल्या. मध्यंतरी मोबाइलवर एक संदेश आला, त्यात मी घेते त्या रक्तदाबाच्या गोळीमुळे कोविड अधिक बळावतो असे लिहिले होते, म्हणून मी ती तीन आठवडे बंद ठेवली. आम्हा दोघांनाही त्या काळात संसर्ग झाला नाही. पण पुढे तपासणी केली तेव्हा माझे एचबीए१सी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ९.८ टक्के निघाले आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर लेसर उपचार करावे लागले. यजमानांचे चालणे जे सुटले ते सुटलेच. आता एक जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते. कुठेही नव्या विषाणूची बातमी आली की माझी झोप उडते. पुन्हा अशी साथ आली तर आमच्यासारख्यांनी संसर्गापासून वाचायचे की जुन्या आजाराकडे पाहायचे? आणि खरे सांगा, तेव्हा आमचे चुकले का?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण सगळे पत्र त्याच्याच ओझ्याखाली लिहिले गेले आहे असे वाचताना जाणवले. तुम्ही घरात थांबलात हे चुकले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले तेव्हा लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते, आणि वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांना हा आजार अधिक जड जातो एवढे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच दिसून आले होते. ज्या घरात मधुमेहही आहे आणि सीओपीडीही, त्या घराचे दार तुमच्या मुलाने लावून घेतले, त्यामागे माया होती आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीचा आधारही होता. नुकसान झाले ते दाराबरोबर तुमच्या आजारांची देखभालही बंद झाल्यामुळे, आणि त्याचा सगळा दोष तुम्हा दोघांच्या माथी मारणे मला मान्य नाही.

मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५५ देशांची पाहणी केली. त्यांपैकी ५३ टक्के देशांमध्ये उच्च रक्तदाबाच्या, ४९ टक्के देशांमध्ये मधुमेहाच्या आणि ४२ टक्के देशांमध्ये कर्करोगाच्या उपचारसेवा अंशतः किंवा पूर्णपणे खंडित झाल्या होत्या. हृदयविकाराच्या तातडीच्या सेवासुद्धा ३१ टक्के देशांमध्ये विस्कळीत झाल्या होत्या. बाह्यरुग्ण विभाग बंद, डॉक्टर आणि परिचारिका कोविडच्या कामावर, वाहतूक ठप्प, अशा स्थितीत ज्यांनी घराबाहेर पडण्याचे धाडस केले त्यांच्यापैकीही अनेकांना परत फिरावे लागले. तुमच्या डोळ्यांवर जे बेतले ते एका घराच्या हलगर्जीपणातून आलेले नाही. दीर्घकालीन आजारांच्या उपचारांची घडी जगभर एकाच वेळी विस्कटली होती, आणि तुम्ही तिच्यात सापडलात.

आता मुख्य प्रश्न. संसर्ग टाळायचा की जुन्या आजाराकडे पाहायचे, अशी निवड तुम्ही माझ्यापुढे ठेवली आहे, आणि बहुतेक कुटुंबे ती अशीच मांडतात. पण शरीरात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, लहान रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि संसर्ग झाल्यास शरीराला तो आवरणे कठीण जाते. उलट बाजूने, संसर्ग झाला की शरीर ताणाची संप्रेरके सोडते आणि त्यांमुळे साखर आणखी वर जाते. फुप्फुसांचे तसेच आहे. सीओपीडी असलेल्या माणसाची श्वासाची शिल्लक मुळातच थोडी असते. नियमित औषध आणि चालणे यांनी ती जपलेली असेल, तर साध्या न्यूमोनियातही त्याला तग धरता येतो, आणि ती आधीच आटलेली असेल, तर किरकोळ तापही त्याला रुग्णालयात नेतो. म्हणून साथीच्या काळात साखर, रक्तदाब आणि श्वास आटोक्यात ठेवणे हा संसर्गापासूनच्या बचावाचाच भाग आहे, आणि मास्क किंवा हवेशीर खोली यांच्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. तुमच्या घरात या बचावाचा अर्धा भाग अतिशय काटेकोरपणे पाळला गेला आणि उरलेला अर्धा सुटला.

सुटलेल्या भागात मला सर्वांत गंभीर वाटते ती तीन आठवडे बंद ठेवलेली गोळी. तो संदेश कुठून आला असावा हे सांगते, कारण त्यामागे थोडे खरे शास्त्र होते आणि म्हणूनच त्याने इतक्या लोकांना फसवले. कोविडचा विषाणू पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरील एसीई२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या, तसेच टेल्मिसार्टान, लोसार्टान यांसारख्या गोळ्या शरीरातील त्याच यंत्रणेवर काम करतात आणि त्या हे प्रथिन वाढवत असाव्यात, अशी शंका २०२०च्या आरंभी काही संशोधकांनी मांडली. ती केवळ शंका होती. हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी मार्च २०२० मध्येच गोळ्या चालू ठेवा असे स्पष्ट सांगितले. पुढे कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या दोन गटांची रीतसर तुलना झाली, एका गटाच्या गोळ्या चालू ठेवल्या गेल्या आणि दुसऱ्याच्या थांबवल्या गेल्या, तेव्हा थांबवण्याचा काहीही फायदा दिसला नाही. शंका मात्र आठवड्याभरात जगभर पोहोचली होती आणि तिचे उत्तर यायला कित्येक महिने लागले. पुढच्या साथीतही असेच होईल असे धरून चाला, कारण नवा विषाणू आला की पहिल्या दिवसांत शंकाच अधिक असतात. तुम्ही रोज घेत असलेली गोळी बंद करण्याचा सल्ला, तो कितीही जाणत्या माणसाच्या नावाने आलेला असो, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणायचा नाही. त्या तीन आठवड्यांत तुम्हाला पक्षाघात झाला नाही, याचे मला मनापासून बरे वाटते.

काही औषधांच्या बाबतीत हा नियम जिवाशी गाठ घालणारा आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही बंद करता येत नाही, जेवण जात नसले तरीही. संधिवात किंवा तत्सम आजारासाठी अनेक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकाएकी थांबवल्या, तर शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइड बनवणाऱ्या त्याच्या अधिवृक्क ग्रंथी लागलीच काम सुरू करू शकत नाहीत आणि रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे, फिट्सवरील गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांचेही तेच. तुमच्या नात्यात किंवा ओळखीत असे कुणी असेल, तर हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा.

औषधे चालू ठेवायची तर ती घरात असायला हवीत. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालेल अशा आशेने सर्वत्र उचलले गेले, आणि ज्यांना ते ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा संधिवातासाठी खरोखर लागत होते त्यांनाच ते मिळेनासे झाले. कोविडवर त्याचा उपयोग नाही हे नंतर सिद्ध झाले, पण मधल्या काळात या रुग्णांची जी फरफट झाली ती टाळता आली असती. म्हणून किमान एका महिन्याची औषधे नेहमी हाताशी ठेवा आणि शेवटचे दहा दिवस उरले की नवी आणा. मात्र सहा-सहा महिन्यांचा साठा करू नका. त्याने दुसऱ्या कुणाचे तरी औषध हुकते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचीही मुदत पाहून ठेवा, कारण मुदत संपलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवू शकते. इन्सुलिन लागत असेल तर न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते आणि गोठलेले इन्सुलिन, ते पुन्हा वितळले तरी, वापरायचे नसते.

जुन्या चिठ्ठीवर औषधे आणणे ही आणीबाणीतील सोय आहे. तिची सवय होऊ देऊ नका. चिठ्ठीवरचा डोस त्या दिवशीच्या शरीरासाठी लिहिलेला असतो. दीड वर्षात तुमचे फिरणे थांबले, कदाचित वजन वाढले, झोप बिघडली, आणि गोळ्या मात्र त्याच राहिल्या. साखर वाढली यात नवल नाही. डॉक्टरांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून बरेच काही साधते, पण त्यासाठी त्यांच्यापुढे आकडे ठेवावे लागतात. तुमच्यासाठी हे आकडे थोडेच आहेत. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, वजन महिन्यातून दोनदा, आणि रक्तदाब आठवड्यातून दोन-तीनदा. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी किंवा तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, हात हृदयाच्या पातळीला ठेवावा आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी मोजलेला रक्तदाब वारंवार १३५/८५च्या वर राहत असेल, तर ते डॉक्टरांना कळवायला हवे. एकदाच आलेल्या वाढीव आकड्याने घाबरून दर दहा मिनिटांनी पट्टा बांधू नका. भीतीनेच रक्तदाब चढत जातो.

घरी न होणाऱ्या तपासण्यांत काय लांबवता येते आणि काय नाही, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. साखर स्थिर असेल तर ही तपासणी सहा महिन्यांनी केली तरी चालते, बिघडलेली असेल तर दर तीन महिन्यांनी हवी. मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन वर्षातून एकदा तरी पाहिले पाहिजे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र लोक नेमकी पुढे ढकलतात, कारण दिसायला व्यवस्थित असते. आणि मधुमेहाने पडद्याची हानी बरीच पुढे जाईपर्यंत नजरेत काहीच फरक जाणवत नाही. तुमच्या बाबतीत लेसर उपचार झालेले आहेत, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेली पुढची तारीख साथ असो वा नसो पाळायची, आणि ती हुकणार असे दिसले तर फोन करून किती थांबता येईल हे विचारून घ्यायचे. याच अनुषंगाने एक गोष्ट सांगायला हवी. वाढलेली साखर फार झपाट्याने खाली आणली, तर पडद्याचा विकार काही काळ उलट वाढू शकतो. तेव्हा ९.८ चा धसका घेऊन उपास, गोळ्या आणि व्यायाम यांचा एकदम मारा करू नका. मधुमेहाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवून साखर खाली आणण्याचा वेग ठरवून घ्या. मधुमेहात पायांवरची जखम नकळत वाढू शकते, पण रोज पाय पाहायला डॉक्टरांची गरज नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, नजर अजून नीट बसली नसेल तर यजमानांना पाहायला सांगा.

आता समजा, सगळी काळजी घेऊनही ताप आलाच. दीर्घकालीन आजार असलेल्या प्रत्येक घरात या दिवसासाठी एक कागद आधीच लिहिलेला असावा असे माझे ठाम मत आहे, कारण अंगात १०२ ताप असताना कुणालाही नीट विचार करता येत नाही. मधुमेहात तापाच्या दिवसांत साधारण दर चार तासांनी साखर पाहायची, कारण काही खाल्ले नाही तरी ती वाढू शकते. साखर सलग दोनदा २५०च्या वर गेली, उलट्या थांबेनात, पोट दुखू लागले किंवा श्वास खोल आणि भराभर होऊ लागला, तर वाट पाहायची नाही. साखर ७०च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. पाणी थोडे थोडे पण सतत पोटात जायला हवे.

या कागदावर गोळ्यांचाही भाग असतो, आणि तो तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या जेवण बंद असताना चालू ठेवल्या तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि फसवी बाब ही की तेव्हा साखर फारशी वाढलेली नसूही शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण गेले नाही तर साखर एकदम उतरते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल तर मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि तुम्ही बंद ठेवली होती त्या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्याही डॉक्टर दोन-तीन दिवस थांबवायला सांगतात, कारण अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे तीच गोळी थांबवणे कधी कधी योग्यही असते. पण का थांबवायची, किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तिन्ही प्रश्न तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांनी सोडवलेले असतात. इन्सुलिनचा डोस कमी-जास्त होईल, पण ते स्वतःहून बंद करायचे नाही. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. मात्र पाण्यात विरघळणाऱ्या फेसाळ गोळ्यांत बरेच सोडियम असते, एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने साधी गोळी घ्यावी. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, त्या विचारल्याशिवाय नकोत.

स्टिरॉइडबद्दल वेगळे लिहिते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीतून कळले की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. बातमीचा पहिला भाग सर्वांपर्यंत पोहोचला, दुसरा पोहोचलाच नाही, आणि लोकांनी ताप येताच घरी स्टिरॉइड सुरू केले. मधुमेह असलेल्यांची साखर त्यामुळे चारशे-पाचशेवर जाऊ शकते, आणि अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइड यांच्या जोडीतूनच म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराला वाव मिळतो, ज्यात डोळा आणि जीव दोन्ही पणाला लागतात. हे औषध जीव वाचवणारे आहे, पण ते रुग्णालयातील औषध आहे.

तुमच्या यजमानांचे नुकसान औषधांपेक्षा हालचाल थांबल्याने अधिक झाले आहे, असे पत्रावरून वाटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते, तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. तुमचे यजमान अंथरुणात नव्हते, पण दीड वर्ष खुर्ची आणि पलंग यांच्या मध्येच वावरले. सीओपीडीमध्ये याचे एक चक्र तयार होते : धाप लागते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू अशक्त होतात, आणि अशक्त स्नायूंना त्याच कामासाठी अधिक प्राणवायू लागत असल्याने पुढच्या वेळी आणखी लवकर धाप लागते. ते आजारानेच खचले असे कृपा करून समजू नका. यातील बराच भाग परत मिळवता येतो, आणि फुप्फुसांच्या पुनर्वसनाचे जे व्यायाम शिकवले जातात ते याचसाठी असतात. छातीच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे त्यांना एकदा प्रत्यक्ष नेऊन या.

तोवर खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे पाच वेळा, दिवसातून तीनदा, एवढ्यापासून सुरुवात करता येते. नाकाने श्वास घ्यावा, ओठांचा चंबू करून मेणबत्तीची ज्योत हळूच हलवावी तसा सावकाश सोडावा; श्वास सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ लागला पाहिजे. जिना चढताना पाय उचलण्याच्या क्षणी श्वास सोडायचा. चालताना बोलता येईल एवढी धाप चालते. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर थांबायचे. घराबाहेर जाता येत नसेल अशा काळात घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटे चालले तरी दिवसाकाठी तास भरतो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते, आणि दीर्घकालीन आजार असलेल्यांनाही त्यातून वगळलेले नाही. पण यजमानांनी तो आकडा आज डोळ्यांसमोर ठेवू नये, मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात थोडे अधिक झाले एवढे पाहावे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले, तर मात्र लगेच थांबून डॉक्टरांशी बोलायचे.

त्यांचे श्वासातून औषध घ्यायचे पंप साथीत बंद करू नका. श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती जाईल या भीतीने अनेकांनी ते सोडले आणि दम उसळून रुग्णालयात जाण्याची वेळ स्वतःवर आणली. नेब्युलायझरच्या वाफेबरोबर विषाणू खोलीत पसरण्याची शक्यता असते, म्हणून घरात कुणाला संसर्ग असेल तर शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घ्यावा. आणि ऑक्सिमीटर. तब्येत बरी असताना त्यांचा आकडा काय असतो हे तुम्हाला माहीत असायला हवे, कारण साथीत सर्वांना सांगितला जाणारा ९४ टक्के ऑक्सिजनचा निकष सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही. त्यांच्यापैकी काहींचा नेहमीचा आकडाच ९० किंवा ९१ असतो, आणि अशांना गरजेपेक्षा जास्त प्राणवायू देणेही घातक ठरू शकते. त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने घट झाली, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलले, किंवा रात्री आडवे झोपता येईना, तर फोन करायचा. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर यंत्र चुकते; गडद त्वचेवर ते प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिक आकडा दाखवू शकते, हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने लक्षात आणून दिले. म्हणून आकडा बरा आणि माणूस बेचैन असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

एका बाबतीत मुलाचा आग्रह मोडावा लागला तरी चालेल. अमेरिकेत २०२०च्या वसंतात, राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या दहा आठवड्यांत, तातडीच्या विभागांत हृदयविकाराच्या झटक्याने येणाऱ्यांची संख्या आधीच्या दहा आठवड्यांच्या तुलनेत २३ टक्क्यांनी आणि पक्षाघाताने येणाऱ्यांची २० टक्क्यांनी घटली. झटके अचानक कमी झाले असण्याची शक्यता फार थोडी. संसर्गाच्या भीतीने अनेकांनी दुखणे अंगावर काढले असणार. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, छातीवर दडपण येणे यांपैकी काहीही झाले तर विषाणूचा विचार नंतर. तुम्हाला तर आणखी एक सांगायला हवे : दीर्घकाळचा मधुमेह असलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. कारण नसताना दरदरून घाम, अचानक धाप किंवा कधी नव्हे एवढा थकवा आला, तर तो उन्हाचा किंवा वयाचा म्हणून सोडून देऊ नका.

लशींबद्दल माझे मत थोडक्यात आणि निःसंदिग्ध आहे. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकल लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, आणि नव्या साथीवर लस उपलब्ध होऊन तुमच्या गटाला ती खुली झाली की विनाविलंब. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे मात्र घरात आणण्याआधी त्यांवरील घटक वाचा. ज्येष्ठमध भरपूर प्रमाणात आणि सतत पोटात गेल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, आणि जीवनसत्त्व 'क'चे मोठे डोस मूत्रपिंडाला जड जातात. संसर्ग टाळण्यासाठी गर्दीच्या बंद जागा टाळणे, तिथे जावेच लागले तर चेहऱ्याला नीट बसणारा एन९५ मास्क, घरात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि आजारी माणसाने वेगळ्या खोलीत राहणे यांना पर्याय नाही.

राहिली तुमची झोप. १४ वर्षे रोज स्वतःची साखर, पथ्य आणि गोळ्या सांभाळणाऱ्या माणसाला मुळातच एक न दिसणारा थकवा असतो, त्यात साथीची भीती मिसळली की औषध घेण्यातला रसही उडतो. बातम्यांसाठी दिवसातून एकच ठरावीक वेळ ठेवा, ती रात्रीची नको. उठण्या-झोपण्याच्या, जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा बाहेर काहीही चाललेले असो, हलू देऊ नका. घरात थांबणे म्हणजे एकटे पडणे नव्हे. रोज एखाद्याशी तरी तब्येत सोडून दुसऱ्या विषयावर फोनवर बोला. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत राहिले, कशातच मन लागेना, किंवा झोप तशीच उडालेली राहिली, तर ते स्वभावाचे लक्षण मानू नका आणि डॉक्टरांना साखरेच्या आकड्याइतक्याच मोकळेपणाने सांगा.

आणि मुलाला दूर ठेवू नका. दीड वर्ष त्याने दार सांभाळले. पुढच्या वेळी त्याच्याकडे देखभालीची कामेही द्या. येत्या तपासणीला त्याला सोबत न्या आणि आजारपणाचा तो कागद डॉक्टरांकडून त्याच्यासमोर लिहून घ्या : कोणती औषधे कधीही थांबवायची नाहीत, कोणती तापात थांबवायची, कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या लक्षणाला थेट रुग्णालयात जायचे. साथ आली तर औषधे आणणे आणि रक्ताच्या नमुन्याची घरी सोय होते का ते पाहणे त्याच्या अंगावर राहील, आकडे लिहिणे तुमच्या. डॉक्टरांकडे जाण्याआधी यजमानांना पाच मिनिटे शांत बसवून त्यांचा ऑक्सिजन मोजा, मग ते जिन्याच्या कितव्या पायरीवर पहिल्यांदा थांबतात ते पाहा, आणि हे दोन्ही आकडे तारखेसह त्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा.